भाकरी नेमकी कुठल्या वाक्याला उलटायची?
वाचकांचे प्रश्न : कमी पैशांतल्या लघुपटाचं शूटिंग

कॉलेजांमधून लघुपटांची धांदल सुरू झाली आहे आणि या वेळचे बहुतेक प्रश्न सातारा-सांगली भागातून आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण दिवसाचा हिशेब न मांडता शूटिंगला उतरणं हेच बाकीच्या बऱ्याच अडचणींचं मूळ आहे.

प्रश्न : आमच्या फिल्ममध्ये एकच मोठा सीन आहे. आई चुलीपुढे भाकरी करतेय आणि मुलगा नोकरीसाठी पुण्याला जायचं ठरल्याचं सांगतो. तीन पानं, १९ शॉट. तासगावजवळ मित्राच्या मळ्यातल्या घरात सकाळी नऊपासून अंधार पडेपर्यंत राबलो, तरी ८च शॉट झाले. एडिटला बसलो तर तेही जुळेनात. एका शॉटमध्ये भाकरी तव्यावर, पुढच्यात परातीत. स्वयंपाकघर १० बाय १२ फुटांचं आहे. घर अजून एक दिवस मिळणार आहे. काय बदलावं? (एक विद्यार्थी, सांगली)

१९ शॉट म्हणजे १९ वेळा कॅमेरा हलवायचा असं नसतं. तुमच्या यादीत ‘आईचा क्लोज’ पाच-सहा ठिकाणी आला असेल, ‘मुलाचा क्लोज’ही तितक्याच ठिकाणी. कागदावर ते दहा-बारा शॉट झाले, पण कॅमेऱ्याच्या जागा दोनच. ट्रायपॉड, लेन्स किंवा मुख्य लाइट हलला की नवा सेटअप मोजायचा. नवख्या युनिटला एका सेटअपला ४० ते ४५ मिनिटं लागतात. त्यात फ्रेम लावणं आलं, उजेड बघणं आलं, एक तालीम आणि तीन-चार टेक आले. सकाळी ७ला जमलात, साडेआठला पहिला शॉट लागला आणि साडेपाचपर्यंत उजेड धरला, तर जेवणाचा तास वजा जाता ८ तास उरतात. त्यात १० ते १२ सेटअप बसतात. नऊला जमल्यावर पहिला शॉट साडेदहाच्या पुढे गेला असणार. दिवसातला सगळ्यात ताजा वेळ तिथेच संपला.

यादी पुन्हा लिहा, पण कथेच्या क्रमानं नको, कॅमेऱ्याचं तोंड कुणीकडे आहे त्या क्रमानं लिहा. या सीनला ९ सेटअप पुरतात. दोघं दिसतील असा एक वाइड. आईच्या बाजूचा ओव्हर-शोल्डर (समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेला) आणि क्लोज. मुलाच्या बाजूचे तेच दोन. हात आणि परात. तवा आणि जाळ. मुलगा दारातून आत येतो तो एक, आणि तो निघून गेल्यावरचा रिकामा उंबरा. वाइड आणि दोन्ही क्लोज पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सलग घ्या. वाक्यावाक्याचे तुकडे घेतले की नटांना दर वेळी सूर नव्यानं लावावा लागतो आणि एडिटला कापायला जागा राहत नाही. कॅमेरा आईकडे असताना आईचं सगळं संपवा आणि मगच फिरवा. एकदा फिरवला की ‘तेवढा एक राहिला’ म्हणून परत यायचं नाही. परत येण्यात पाऊण तास जातो आणि तोवर खिडकीतला उजेड बदललेला असतो.

आता भाकरी. प्रत्येक टेकला भाकरी नवी लागते आणि त्याच वाक्याला ती त्याच अवस्थेत असावी लागते. संवादाच्या कागदावर तीन खुणा करा : कुठल्या वाक्याला गोळा परातीत येतो, कुठल्या वाक्याला भाकरी तव्यावर पडते, कुठल्या वाक्याला उलटते. समजा मुलगा म्हणतो, ‘आई, सोमवारी निघायचंय.’ त्याच्या आदल्या वाक्याला भाकरी तव्यावर पडलेली हवी. आईनं हात पाण्यात बुडवलाय, भाकरीवरून पाणी फिरवायचंय, आणि हे वाक्य ऐकून तो ओला हात तसाच राहतो. पाणी न फिरवलेली भाकरी कोरडी पडून तडकते. तव्याचा जवळचा शॉट घेऊन ती तडकताना दाखवलीत तर आईला एक शब्दही बोलायला लागत नाही. उलटणं मात्र वाइडमध्ये ठेवूच नका, ते तव्याच्या वेगळ्या शॉटमध्ये घ्या. दोन अँगलमधली भाकरी जुळत नसली तर हाच शॉट मध्ये टाकून सांधा झाकता येतो. तुमच्या पहिल्या दिवसाचे ८ शॉटही त्यानं वाचू शकतील. तवा, परात, साडी आणि बांगड्या मात्र त्याच हव्यात.

पिठाचा हिशेब असा. संवाद असलेले सेटअप ५, प्रत्येकी ४ टेक, म्हणजे २० भाकऱ्या. तालमी आणि तव्याचे शॉट धरून ३०. भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ धरलं तर ज्वारीचं पीठ ३ किलो लागेल. ते आदल्या दिवशी दळून आणा. जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही, भाकरी थापताना कडेनं फाटते आणि चांगला चाललेला टेक मोडतो. नटीला भाकरी थापता येत नसेल तर हातांचे शॉट घरच्या मावशींचे घ्या. एडिटला ते बेमालूम बसतात, फक्त बांगड्यांचा रंग आणि संख्या दोघींच्या हातांत सारखी हवी.

थापण्याचा आवाज संवादावर पडतो आणि दोन अँगलमधले थापटे कधीच जुळत नाहीत. क्लोज घेताना परातीखाली ओला पंचा दुमडून ठेवा आणि नटीला हात हलका ठेवायला सांगा. दोघांच्या वाक्यांच्या मधल्या जागेत थापलं तर आणखी बरं. सीन संपला की माइक परातीपासून फूटभर अंतरावर धरून नुसत्या थापण्याचा आवाज मिनिटभर घ्या, एडिटला तोच वापरा.

उजेडाचं सांगायचं तर, खिडकी पूर्वेची असेल तर सकाळी जमिनीवर उन्हाचा कवडसा पडतो आणि तो सरकत राहतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. पहिला आणि चौथा टेक यांत अर्धा तास गेला तरी कवडसा हललेला दिसतो, आणि कट मारला की तो उडी मारतो. खिडकीला बाहेरून बटर पेपर ताणून लावा, म्हणजे ऊन विखरून मऊ होईल. किंवा सकाळी नुसते हात, परात आणि तवा घ्या आणि ऊन खिडकीवरून गेल्यावर, अकराच्या पुढे, वाइड सुरू करा. त्या वेळी आत येणारा उजेड आकाशाचा असतो आणि तो बराच वेळ एकसारखा राहतो. चेहऱ्याची अंधारी बाजू उचलायला ४ बाय ३ फुटांचा पांढरा थर्मोकोल पुरतो. उलट चेहरा फारच सपाट दिसत असेल तर त्या बाजूला काळी घोंगडी टांगा, लगेच खोली येते.

धुराकडे लक्ष ठेवा. वाइडमध्ये खोली धुरकट आणि क्लोजमध्ये लख्ख, असं हमखास होतं. वाळलेलं सरपण वापरा आणि प्रत्येक टेकआधी दार दोन मिनिटं सताड उघडा. टेक संपला की जाळ मागे ओढून नटीला बाहेर ओट्यावर बसवा. तासाभरात डोळे लाल होतात आणि मग रडू येण्याआधीच्या वाक्यालाही ती रडून आल्यासारखी दिसते. पाण्याची भरलेली बादली चुलीपासून हाताच्या अंतरावर असू द्या.

राहिली खोली. डीएसएलआरच्या क्रॉप (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर ५० एमएमची लेन्स ७५ ते ८० एमएमसारखी वागते, त्यामुळे १० बाय १२च्या खोलीत ती क्लोजपुरतीच. वाइडला १८ किंवा २४ एमएम लावा आणि कॅमेरा दाराबाहेर नेऊन चौकटीतून घ्या. फोन वापरत असाल तर साध्या लेन्सनं दोन फुटांवरून क्लोज घेऊ नका, नाक मोठं दिसतं. २एक्स करून चार-पाच फूट मागे सरका.

प्रश्न : गप्पांच्या सीनमध्ये दोघं समोरासमोर बसलेत, पण एडिट केल्यावर दोघं एकाच दिशेला बघतायत असं वाटतं. (एक विद्यार्थिनी, कराड)

तुम्ही अ‍ॅक्सिस ओलांडला. दोघांना जोडणारी एक सरळ रेघ कल्पा. कॅमेरा सगळा वेळ तिच्या एकाच बाजूला राहिला की एक जण उजवीकडे बघतो आणि दुसरा डावीकडे. सेटवर कल्पना करत बसू नका, पहिला शॉट लागण्याआधी जमिनीवर खडूनं रेघ ओढा आणि वाइडमध्ये दिसायच्या आत पुसून टाका. आता झालेल्या सीनला उपाय म्हणजे मध्ये एखादा तटस्थ शॉट टाकणं. चहाचा कप, रस्ता, किंवा रेघेवरूनच घेतलेला समोरचा चेहरा. शॉट आडवा उलटवून बघण्याचा मोह होईल. मागे पाटी, घड्याळ किंवा शर्टाचा खिसा असेल तर ते लगेच उघडं पडतं.

प्रश्न : फोनवर शूट करतो. ट्यूबलाइटखाली घेतलेल्या शॉटमध्ये काळे पट्टे वरखाली सरकतात. आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला जुळतो, पाच मिनिटांनी ओठांच्या पुढे जातो. फोन खराब आहे का? (एक वाचक, इस्लामपूर)

फोन ठीक आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी दर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. शटर त्या ठेक्यात बसलं नाही की पट्टे येतात. फोन आपोआपवर असला की उजेड पाहून शटर मनाला येईल तसं बदलतो. मॅन्युअल अ‍ॅप घ्या, २५ फ्रेम आणि १/५० शटर लावून लॉक करा. ३० फ्रेमवरच अडकला असाल तरी शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, १/६० नको. उजेड जास्त झाला तर शटर वाढवू नका, आयएसओ कमी करा किंवा एनडी फिल्टर (लेन्सपुढची काळसर काच) लावा. काही एलईडी दिवे डिमरनं कमी केले की निराळ्याच वेगानं लुकलुकतात आणि तिथे १/५०सुद्धा उपयोगी पडत नाही. असा दिवा पूर्ण तेज करून लांब ठेवा. व्हाइट बॅलन्सही लॉक करा, नाहीतर लाल साडी नेसलेली कुणी मागून गेली की चेहऱ्यांचा रंग बदलतो. घेऊन झालेल्या शॉटमधले पट्टे सॉफ्टवेअरनं थोडे कमी होतात, जात नाहीत. सीन पुन्हा घेता येत असेल तर घ्या.

आवाजाचं कारण वेगळं आहे. फोन नेमके २५ फ्रेम घेत नाही, कधी २४.८, कधी २५.१ असं वरखाली करतो. एडिटिंग सॉफ्टवेअर ते समान धरतं आणि आवाज घसरत जातो. एडिटला घेण्याआधी प्रत्येक फाइल हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅममधून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ करून काढा. आवाज ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा. आणि टेक लहान ठेवा, लहान टेकमध्ये हा फरक कमी साठतो.

प्रश्न : पत्र्याच्या शेडमध्ये सीन आहे. संवाद घुमतात, शिवाय रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या मोठ्यानं गाणी लावून जातात. माइक भाड्यानं आणला तर हे थांबेल का? (दोन विद्यार्थी, विटा)

थांबणार नाही. माइक किती भारी आहे यापेक्षा तो तोंडापासून किती लांब आहे यावर सगळं असतं. कॅमेऱ्यावर बसवलेला दहा हजारांचा माइक ८ फुटांवरून शेडच ऐकतो. दोनशे रुपयांचा कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर असेल तर माणूस ऐकतो. म्हणून बूम (लांब काठीला लावलेला माइक) असेल तर फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंत खाली आणा, कॅमेरामननं ‘आत आला’ म्हणेपर्यंत, आणि मग दोन बोटं वर घ्या. कॉलर माइक लावताना कपडा बघा. सुती शर्टाला त्रास नाही, नायलॉनची साडी किंवा जॅकेट हललं की खसखस येते. वायर आतून कापडी चिकटपट्टीनं अंगाला धरून ठेवा आणि गळ्यातलं मंगळसूत्र माइकवर आपटत नाही ना ते पाहा.

घुमण्याला उपाय घरातच आहे : वाकळा. शेडच्या एका बाजूला दोरी बांधून चार-पाच वाकळा टांगा, एक नटांच्या पायाखाली, फ्रेमबाहेर, अंथरा. पत्र्यावर आपटून परत येणारा आवाज बराचसा त्यात मुरतो. दोन्ही समोरासमोरच्या भिंती झाकायची गरज नाही, एक झाकली तरी फरक कळतो. फ्रीज, पंखा, पाण्याची मोटर बंद करा. फ्रीज बंद केलात की गाडीची किल्ली त्यात ठेवा. पॅकअपला किल्ली शोधताना फ्रीज चालू करायची आठवण होते आणि घरच्यांचं दूध नासत नाही.

ट्रॉल्यांचं सांगायचं तर गाळपाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर मार्चपर्यंत, कारखान्याच्या रस्त्यालगत संवादाचा सीन ठरवणंच चूक. ठरलाच असेल तर फाट्यावर एका मित्राला फोन घेऊन उभं करा. ट्रॉली दिसली की त्यानं मिस्ड कॉल द्यायचा आणि तुम्ही थांबायचं. मधेच गाणं आलं तर अख्खा टेक फेकू नका, नटाला तेवढं वाक्य पुन्हा म्हणायला लावा. मागचं गाणं फिल्ममध्ये राहिलं तर नुसता आवाजाचा प्रश्न नाही, त्या गाण्याचे हक्क कुणाचे तरी असतात आणि महोत्सवाला फिल्म पाठवताना किंवा यूट्यूबवर टाकताना तिथेच अडते.

सीन संपल्यावर, सगळी मंडळी जागच्या जागी गप्प उभी करून, ४० सेकंद रिकाम्या शेडचा आवाज घ्या. दोन वाक्यांमधली भोकं त्यानंच बुजतात. लगेच नटांना माइकसमोर उभं करून सगळी वाक्यं त्याच लयीत दोनदा म्हणवून घ्या. घरी येऊन डबिंग करण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, कारण श्वास अजून सीनमधलाच असतो. रेकॉर्डरची पातळी बोलताना उणे १२ डेसिबलच्या आसपास आणि ओरडताना उणे ६च्या खाली ठेवा. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, कमी घेतलेला बराचसा उचलता येतो.

प्रश्न : उसाच्या फडाच्या कडेला रात्रीचा सीन आहे, मुलगा बॅटरी घेऊन भावाला शोधतोय. जनरेटर परवडत नाही. (एक विद्यार्थी, वाळवा)

सीनचे दोन भाग करा. फड आणि आकाश दिसणारे लांबचे शॉट सूर्य बुडाल्यावरच्या वीस-पंचवीस मिनिटांत घ्या. त्या वेळी आकाश अजून निळं असतं आणि पाती काळी दिसतात. व्हाइट बॅलन्स ३५०० केल्विनच्या आसपास लॉक करा आणि एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप खाली ठेवा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). पडद्यावर ती रात्र वाटते. हे दोन-तीन शॉटच होतात, म्हणून दुपारी उन्हात तालीम करून पावलांच्या जागी खुंट्या ठोकून ठेवा.

चेहऱ्यांचे शॉट पूर्ण अंधारात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो, त्यामुळे छोटं एलईडी पॅनल ६ फुटांवर छान काम करतं आणि १२ फुटांवर काहीच करत नाही. ते नटाच्या मागून, बाजूनं लावा. समोरून लावलं तर लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसतं. पाती उजेड गिळतात, म्हणून त्यांच्यावर पाणी मारा. फवारणीचा पंप चालेल, पण औषध कधीच न भरलेला नवाच हवा. धुतलेल्या पंपातही औषध राहतं आणि ते नटांच्या तोंडावर उडतं. नटाच्या हातातल्या बॅटरीचा झोत छोट्या थर्मोकोलवर पडेल अशी चाल बसवा, परतलेला उजेड त्याच्याच चेहऱ्यावर येतो. ४० वॉटचं पॅनल ४७ वॉट-तासाच्या बॅटरीवर पूर्ण तेजात जेमतेम तासभर चालतं. तीन बॅटऱ्या लागतील.

मळ्यात थ्री फेजची लाइट कुठल्या वेळी येते ते मालकाला विचारा. लाइट आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि संवाद संपले म्हणून समजा. फडाच्या आत शिरू नका, बांधावरच राहा. साप असतात, आणि वाळवा-शिराळा-कराड पट्ट्यात उसात बिबट्याही असतो. सगळ्यांच्या पायांत बूट, मालकाचा माणूस सोबत. धुरासाठी काहीही पेटवायचं नाही, वाळलेलं पाचट एका ठिणगीनं पेटतं आणि एकराचं नुकसान होतं.

प्रश्न : मेणवलीच्या घाटावर आणि कासला शॉट घ्यायचे आहेत. विद्यार्थ्यांना परवानगी लागते का? (एक विद्यार्थिनी, वाई)

लागते, आणि मागितली तर बहुतेक वेळा मिळते. मेणवलीला मोठमोठ्या हिंदी चित्रपटांची सवय आहे, त्यामुळे तुम्हीही मोठं युनिट असाल असं गृहीत धरून बोलणी सुरू होतात. प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन जा. त्यात तारीख, वेळ, माणसं किती, गाड्या किती, आणि फिल्म अभ्यासक्रमाची आहे हे स्पष्ट लिहा. आधी ग्रामपंचायतीत जाऊन घाट आणि वाडा कुणाच्या अखत्यारीत आहे ते विचारा आणि ज्याच्या त्याच्याकडून लेखी घ्या. पोलीस ठाण्यात त्याची प्रत द्या. कोयता, नकली पिस्तूल किंवा खाकी गणवेश असेल तर हे अजिबात टाळू नका, लांबून बघणाऱ्याला ते खरंच वाटतं.

कास जागतिक वारसा यादीतलं पठार आहे (पश्चिम घाटाचा २०१२ साली समावेश झाला तेव्हापासून) आणि तिथे वन विभागाचे नियम चालतात. फुलांच्या दिवसांत माणसांची संख्या ठरलेली असते. ट्रायपॉडचे पाय आणि आडवं झोपून घेतलेले शॉट फुलं चिरडतात. आमचं मत स्पष्ट आहे : फुलं तुमच्या कथेला खरोखर लागत नसतील तर कास सोडा, बामणोलीकडच्या रस्त्यालगत किंवा गावच्या एखाद्या माळावर घ्या.

दोन गोष्टी वाईकरांना ठाऊक असतात, बाहेरचे फसतात. वाईच्या पश्चिमेला पाचगणीचा डोंगर आहे, ऊन पंचांगातल्या सूर्यास्ताच्या बरंच आधी जातं. आदल्या दिवशी जाऊन घाटावरची सावली कधी येते ते घड्याळ लावून बघा. दुसरं, वर धोमचं धरण आहे. पाणी सोडलं की घाटाची सकाळी दिसणारी पायरी दुपारी पाण्याखाली असू शकते. सगळे शॉट एका बैठकीत संपवा आणि पोहता न येणाऱ्याला कडेच्या पायरीवर उभं करू नका.

प्रश्न : आमचे नट एकांकिकेतले आहेत, चांगले आहेत, पण कॅमेऱ्यात ओरडल्यासारखे वाटतात. (सांगली)

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली नाटक उभं केलं ते सांगलीत. या गावात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं हा नटाचा धर्म आहे, तो त्यांचा दोष मानू नका. त्यांना एवढंच सांगा की माइक वीतभर अंतरावर आहे, आणि समोरच्या नटाला ऐकू येईल इतकंच बोला. ‘कमी करा’ असं सांगितलं की ते भावनाही कमी करतात, म्हणून तो शब्द टाळा. तालीम खोलीत जमिनीवर बसून, चहा पीत घ्या. वाइड आधी घ्या, त्यात त्यांना हातवाऱ्यांची मोकळीक मिळते आणि क्लोजपर्यंत अंग सैल होतं.

प्रश्न : १५,००० रुपये जमलेत. भारी कॅमेरा भाड्यानं घ्यावा का? (एक गट, फलटण)

नको. आधी दोन दिवसांचं दहा माणसांचं जेवण, चहा, पेट्रोल बाजूला काढा. घरमालकाच्या गॅस-लाइटचे पैसे द्या, आणि ज्या मावशी दिवसभर पाणी देतात त्यांचेही. मग आवाज. त्यानंतर चांगला ट्रायपॉड, कारण डगमगता पॅन कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट होत नाही. बटर पेपर, थर्मोकोल, काळं कापड, चिकटपट्टी, कपड्यांचे चिमटे, सुतळी यांना थोडेच लागतात. कॅमेरा सगळ्यात शेवटी. वर्गात कुणाकडे डीएसएलआर असेल तर तोच घ्या आणि उरलेल्या पैशांत एक चांगली लेन्स एका दिवसासाठी आणा. भाड्याची वस्तू ताब्यात घेताना दुकानातच बॅटऱ्या मोजा, पांढऱ्या भिंतीचा शॉट घेऊन सेन्सरवर डाग आहेत का पाहा, आणि असलेल्या ओरखड्यांचे फोटो काढून दुकानदाराला तिथेच पाठवा.

दुपारी मटण-भाकरी नको, साडेतीनपर्यंत युनिट हलत नाही. ते पॅकअपला ठेवा.

प्रश्न : कार्डं किती लागतील? (कोरेगाव)

१०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड सव्वा तास धरा. दिवसाला दोन कार्डं. भरलेलं कार्ड काढलं की त्यावर लाल चिकटपट्टी लावा आणि एकाच माणसाच्या खिशात ठेवा. जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप आणि बाहेरची हार्ड डिस्क अशा दोन ठिकाणी कॉपी करा, प्रत्येक फाइल उघडून शेवटचे पाच सेकंद चालवून बघा. दोन्ही कॉप्या चालल्याशिवाय लाल पट्टी काढायची नाही, आणि संध्याकाळी लॅपटॉप एका गाडीतून, हार्ड डिस्क दुसऱ्या गाडीतून न्यायची.